मूल कॅन्सरने गेलेल्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आम्हा काही पालकांचा छोटा गट आहे. त्याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. महिन्यातून एका रविवारी सिंहगड रोडवर कुणाच्या तरी घरी जमतो, चहा होतो. बाकी सगळं फोनवर. पाच वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा नीट लिहून ठेवावेत असं वाटलं. लिहिणारी मी, त्यातली एक आई. माझा मुलगा सहाव्या वर्षी आजारी पडला आणि नवव्या वर्षी गेला. रक्ताचा कॅन्सर, एएलएल. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय माहिती आहे ती फाईल वाचून आणि वॉर्डात बसून शिकलेली, मग जाणकारांकडून तपासून घेतलेली.

आधीच एक सांगते. आठवण आणि जनजागृती ही दोन वेगळी कामं आहेत. लोक ती एकाच ताटात वाढतात आणि मग मूल गेलेल्या आईला स्टेजवर उभी करतात.

१. लहान मुलांना कॅन्सर होतोच कसा? ती तर तंबाखू खात नाहीत.

मोठ्यांच्या कॅन्सरमागे तंबाखू, दारू, प्रदूषण अशी कारणं बऱ्याचदा सापडतात. मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. वाढत्या शरीरात पेशी भराभर विभागत असतात, त्यात एखादीच्या जनुकात बिघाड होतो आणि ती थांबायचं विसरते. सुमारे १० टक्के मुलांमध्ये आनुवंशिक कल असतो (त्याबद्दल प्रश्न ४). जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ० ते १९ वयाच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. त्यात जास्त दिसणारे म्हणजे रक्ताचा कॅन्सर, मेंदूतल्या गाठी, लिम्फोमा, आणि न्यूरोब्लास्टोमा किंवा मूत्रपिंडातली विल्म्स गाठ यांसारख्या गाठी. हा आजार संसर्गजन्य नाही. एकाच ताटात जेवलं तरी होत नाही. हे वाक्य मला आमच्याच सोसायटीत तीन वेळा सांगावं लागलं.

२. कोणती लक्षणं दिसली की डॉक्टरांकडे जायचं?

न उतरणारा किंवा पुन्हा पुन्हा येणारा ताप. मूल पांढुरकं दिसणं. काही न लागता अंगावर निळे डाग पडणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं. हाडं दुखणं, रात्री उठून रडणं, लंगडत चालणं. मानेत, काखेत, पोटात गाठ लागणं; पोटातली गाठ बहुतेकदा आईलाच अंघोळ घालताना हाताला लागते. सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी. चालताना तोल जाणं, नव्याने तिरळेपणा. वजन उतरणं.

डोळ्यांचं वेगळं सांगते. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाहुली लाल दिसते. एका डोळ्यात ती पांढरी, मांजरीच्या डोळ्यासारखी चमकली, तर बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. प्रत्येक पांढरी चमक कॅन्सरची नसते, पण रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत होतो, आणि लवकर कळला तर जीव वाचतोच, पुष्कळदा दृष्टीही वाचते.

यातलं एखादं लक्षण असलं म्हणजे कॅन्सर आहे असं नाही. शंभरातल्या बहुतेक मुलांना साधा ताप असतो आणि खेळताना लागलेलं असतं. लक्ष ठेवायचं ते लक्षण टिकतंय का, वाढतंय का, आणि दोन-तीन एकत्र आलीत का यावर.

३. माझ्या मुलाचे पाय दुखतात. "वाढीचं दुखणं" आहे म्हणतात. थांबू का?

आम्ही सहा आठवडे थांबलो. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, आजीने रात्री तीळतेल चोळलं. सातव्या आठवड्यात तो जिना उतरताना खाली बसला आणि म्हणाला, "आई, उचलून घे." सहा वर्षांचा मुलगा, दोन वर्षांचा असल्यापासून कडेवर येत नव्हता. त्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची साधी तपासणी, केली. संध्याकाळी लॅबमधून फोन आला की रिपोर्ट न्यायला या, पण आजच या.

वाढीचं दुखणं साधारण दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होतं, आणि सकाळी मूल पुन्हा धावायला लागतं. एकाच जागी दुखतंय, दिवसाही दुखतंय, मूल लंगडतंय, किंवा सोबत ताप वा फिकटपणा आहे, तर "एक सीबीसी करू या का?" असं स्वतःहून विचारा. डॉक्टरांना राग येत नाही. आला तर येऊ दे.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. बालरोगतज्ज्ञाने आयुष्यात असे रुग्ण मोजकेच पाहिलेले असतात. सहा आठवडे आधी कळलं असतं तर माझा मुलगा वाचला असता का, तर बहुधा नाही. त्याचा आजार उपचारानंतर उलटला. हे स्वतःला पटवायला मला दोन वर्षं लागली.

४. आमची काही चूक झाली का? गरोदरपणात काही खाल्लं, मोबाईल टॉवर, मायक्रोवेव्ह, दृष्ट?

नाही. रात्री साडेअकराला येणारे फोन बहुतेक याच प्रश्नाचे असतात, आणि जवळजवळ नेहमी फोनवर आई असते. घरात कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं: ग्रहणात भाजी चिरलीस, नोकरी सोडली नाहीस, बाहेरचं खायला घातलंस. यातल्या कशानेही मुलाला कॅन्सर होत नाही. सासूबाईंना हे सांगायला डॉक्टरांना सोबत घ्या. पांढऱ्या कोटातल्या माणसाचं ऐकलं जातं.

अपवाद आहे, आणि तो लपवू नये. रेटिनोब्लास्टोमाच्या सुमारे ४० टक्के मुलांमध्ये तो आनुवंशिक प्रकारचा असतो. अशा वेळी भावंडांचे डोळे तपासावे लागतात आणि पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्यावा लागतो. घराण्यात कमी वयात अनेकांना कॅन्सर झाला असेल तेव्हाही विचारा. पण आनुवंशिक असणं म्हणजे तुम्ही केलेलं असणं नव्हे. जनुकं कुणी निवडून देत नाही.

५. हा बरा होतो म्हणतात. मग आमचं मूल का गेलं?

दोन्ही खरं आहे. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. फरक आजारात नाही. उशिरा कळणं, चुकीचं निदान, औषध न मिळणं, पैसे संपल्यावर उपचार अर्धवट सोडणं, जंतुसंसर्ग आणि रिलॅप्स (आजार उलटणं) यांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं वाचायला हवीत.

१९४७ पर्यंत रक्ताचा कॅन्सर झालेलं मूल काही आठवड्यांत जायचं. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिलं, त्यातल्या १० जणांना काही काळ उतार पडला. ते औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचं संशोधन आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चाललं होतं. आज मेंटेनन्सच्या (आजार उलटू नये म्हणून पुढे चालू ठेवलेल्या उपचाराच्या) मुलांना मिळणारं मेथोट्रेक्झेट त्याचंच भावंड. आणि व्हिन्क्रिस्टिन, केमोचं आणखी एक औषध, येतं सदाफुलीतून. कंपाउंडच्या भिंतीत, गटाराच्या कडेला, कुणी न लावता उगवणारी सदाफुली. माझ्या मुलाला हे कळल्यावर त्याने गॅलरीतल्या कुंडीला "केमोचं झाड" नाव ठेवलं. (पानं खाऊन काही होत नाही, उलट विषबाधा होते. कृपया काढे करू नका, हाही प्रश्न येतो.)

तुमचं मूल का गेलं याचं उत्तर टक्केवारीत नाही. ऐंशीतलं असो की विसांतलं, घरात एकच होतं.

६. सप्टेंबर आणि सोनेरी फीत हे काय आहे? आपल्याकडे तर तेव्हा गणपती असतात.

सप्टेंबर हा बालकर्करोग जनजागृतीचा महिना, सोनेरी फीत ही त्याची खूण. १५ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन असतो.

पुण्यात सप्टेंबर म्हणजे ढोलताशा, रोषणाई, आणि लगेच मागून पितृपक्ष. आमच्या गटातल्या अर्ध्या आईबाबांना तो महिना नको असतो. म्हणून आम्ही कार्यक्रम फेब्रुवारीत करतो: हवा बरी, शाळा चालू, हॉल रिकामे. सप्टेंबरमध्ये ज्याला वाटेल त्याने फीत लावावी. न लावणाऱ्याला कुणी विचारत नाही.

७. आमच्या मंडळात किंवा शाळेत काहीतरी करायचं आहे. नेमकं काय करू?

देखावा करू नका. टक्कल केलेल्या मुलाचा पुतळा, मागे रडकं संगीत: असा देखावा मी एकदा पाहिला आहे. रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या, पण त्यातल्या एकीलाही एक लक्षण सांगता आलं नसतं.

मंडपाच्या बाहेर एक मोठा फलक लावा, प्रश्न २ मधली लक्षणं मोठ्या अक्षरांत. शाळेत पालकसभेला बालरोगतज्ज्ञांना वीस मिनिटं बोलवा, जास्त नको. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना सांगितलेलं सगळ्यात जास्त कामाला येतं, कारण त्या बाळांना दर महिन्याला हात लावून बघतात. शाळांत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशीही बोलता येतं.

शाळेला आणखी एक सांगा. वर्गात केमो चालू असलेलं मूल असेल आणि दुसऱ्या कुणाला कांजिण्या आल्या, तर त्याच दिवशी त्या मुलाच्या घरी कळवा. आपल्याला कांजिण्या म्हणजे आठ दिवसांची सुट्टी, त्या मुलाला जिवावरचं दुखणं.

८. मुलाचे फोटो लावू का? केमोमधले की आधीचे?

आधी तिघांना विचारा: जोडीदाराला, भावंडाला, आणि मनातल्या मनात त्या मुलाला. माझ्या मुलाला टोपी न घालता फोटो काढलेला आवडत नसे. तो गेल्यावर त्याचा तसा फोटो फ्लेक्सवर लावायचा हक्क मला कुठून आला? आम्ही त्याचा क्रिकेटच्या पॅडमधला फोटो वापरतो. पॅड मोठ्या मापाचे, गुडघ्याच्या वर आलेले.

चालू उपचारातल्या दुसऱ्याच्या मुलाचा फोटो, त्याच्या आईबाबांनी होकार दिला तरी, सहसा वापरू नका. तो होकार बिलाच्या दडपणाखाली दिलेला असू शकतो. ते मूल बरं होणार आहे, मोठं होऊन कॉलेजात जाणार आहे.

९. वाढदिवसाला रक्तदान शिबिर करायचं आहे. उपयोग होतो का?

खूप. प्लेटलेट साधारण ५ दिवसच टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, आणि केमोतल्या मुलांना त्या सारख्या लागतात. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, दिवाळीत लोक गावी जातात, तेव्हा तुटवडा असतो. वाढदिवस जुलैत असेल तरी शिबिर मेमध्ये घ्यायला हरकत नाही. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. पुरुषांनी दोन वेळांत ३ महिने, स्त्रियांनी ४ महिने अंतर ठेवायचं. शिबिरापेक्षाही मोलाची म्हणजे एसडीपीला (एकाच दात्याकडून मशीनने प्लेटलेट काढून घेण्याला) यायला तयार असलेल्या दहा जणांची यादी. त्यात तास-दीड तास मशीनला बसावं लागतं. वॉर्डातल्या बापाचं निम्मं आयुष्य असा माणूस शोधण्यात जातं.

केशदानाबद्दलही विचारतात. जरूर करा, संस्थेची लांबीची अट आधी बघा. पण लहान मुलांना विग फारसे आवडत नाहीत, खाजतात. त्यांना टोपी हवी असते, शक्यतो आवडत्या क्रिकेट संघाची.

१०. पितृपक्षात लहान मुलाचं काही करायचं असतं का?

दोन गुरुजींना विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. मुंज न झालेल्या मुलाचं श्राद्ध नसतं असं काही सांगतात. काही घरांत भाद्रपद वद्य त्रयोदशीला लहानग्यांसाठी पान ठेवतात. आपल्या घरची रीत विचारा, आणि ती छळणारी असेल तर बदला. गटातले एक बाबा वरणभाताशेजारी बटाट्याचे वेफर्स ठेवतात. गुरुजी नाराज झाले. कावळ्याने आधी वेफर्सच उचलले, हे ते दरवर्षी सांगतात.

पहिल्या वर्षी गणपती बसवायचा का, हेही विचारतात. सुतक संपल्यावर साधेपणाने बसवणारी घरं आहेत, वर्षभर कुठलाच सण न करणारीही आहेत. धाकटं भावंड काय म्हणतंय तेही ऐका (प्रश्न १३).

११. "तुम्हाला मुलं किती?" याला काय उत्तर द्यायचं?

समोर कोण आहे त्यावर. रिक्षावाल्याला मी "एक मुलगी" म्हणते, आणि मग घरी येईपर्यंत मुलाशी खोटं बोलल्यासारखं वाटतं. लग्नात, हळदीकुंकवाला, जिथे पुन्हा भेट होणार आहे तिथे "दोन. मोठा गेला" म्हणते. समोरची गप्प होते. होऊ दे. तो गप्पपणा सांभाळणं माझं काम नाही, हे मला आमच्या गटातल्या एका आजींनी शिकवलं.

१२. ह्यांनी एकदाही नाव घेतलेलं नाही. ह्यांना काही वाटतच नाही का?

हा प्रश्न बायका विचारतात. पुरुष वेगळा विचारतात: "ती सारखी तेच बोलते, मी काय करू?" बहुधा एकाच घरातून, वेगवेगळ्या दिवशी.

माझा नवरा वैकुंठ स्मशानभूमीतून आल्यावर तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेला. मला ते दगडासारखं वाटलं. वर्षभराने त्याच्या गाडीच्या डिकीत मला मुलाची पाण्याची बाटली सापडली, आत तळाशी थोडं पाणी तसंच. सर्व्हिसिंगला गाडी देताना तो ती काढून खिशात ठेवायचा आणि परत आणून ठेवायचा. मी काही बोलले नाही. डिकी बंद केली.

१३. धाकट्या मुलीला किती सांगायचं?

खरं, तिच्या वयाच्या शब्दांत. "दादा झोपला", "देवाने नेला" असं सांगितलेली मुलं झोपायला किंवा देवळात जायला घाबरतात. "दादाचं शरीर इतकं आजारी होतं की औषधांनी बरं झालं नाही, तो मेला आहे, तो परत येणार नाही" हे ऐकायला कठोर वाटतं, पण सात वर्षांच्या मुलीला ते कळतं. मग ती विचारते, "मलाही होईल का?" याचं उत्तर तयार ठेवा. आणि ती न विचारता मनात ठेवते तो प्रश्न: मी भांडले होते म्हणून झालं का? तो तुम्हीच काढा.

१४. शेवटी आम्ही केमो थांबवली. म्हणजे आम्ही हार मानली का?

नाही. आजार बरा करणारं औषध उरत नाही तेव्हा वेदना कमी करणं हाच उपचार असतो. योग्य मात्रेतल्या मॉर्फिनने मूल लवकर जातं हा समज चुकीचा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना कमी करणाऱ्या उपचारांचं) केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत. तुमच्या कुणा ओळखीच्यांवर आत्ता ही वेळ असेल तर त्यांना हे सांगा. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

१५. उपचार चालू असलेल्या कुटुंबाला पैशांसाठी कुठे पाठवायचं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे; योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी तिथे जायचं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथे समाजसेवा विभागात विचारा, काउंटरवर नाही. मुंबईला टाटाला जावं लागलं तर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते.

१६. मुलाच्या नावाने ट्रस्ट काढावा का?

पहिल्या वर्षात नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलले की त्याचा वेगळा अर्ज. दुःख बाजूला राहतं आणि नवराबायको सीएच्या ऑफिसात भांडतात. चांगल्या चालणाऱ्या संस्थेला मुलाच्या नावे एक ठरावीक गोष्ट द्या: वॉर्डातली पुस्तकं, गावाहून येणाऱ्यांची राहण्याची सोय. आयकरात सूट मिळवून देणारी ८०जी ची पावती हवी असेल तर लक्षात ठेवा, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सूट मिळत नाही. तीन वर्षांनीही ट्रस्टच काढावासा वाटला तर मग काढा.

१७. मला वॉर्डात जाऊन दुसऱ्या पालकांना मदत करायची आहे. कधी जाऊ?

आमचा नियम एक वर्षाचा. त्याआधी वॉर्डातला वास आला तरी गुडघे जातात. आणि तिथल्या आईला "तुमचं मूल कसं आहे?" याचं उत्तर तुमच्या तोंडून ऐकायचं नसतं. रक्तदाते शोधा, डबे पोचवा, खोलीभाड्याचं बघा. विचारलं तर खरं सांगा, पण तेवढंच. आमच्यातल्या दोघींना तीन वर्षांनीही जमलं नाही. त्या घरून टोप्या विणतात.

१८. उरलेल्या औषधांचं काय करायचं?

केमोच्या गोळ्या कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नका, स्वतःहून दुसऱ्या मुलाला देऊ नका. रुग्णालयात परत करा. फाईल मात्र ठेवा. भावंडांसाठी पुढे कधी लागू शकते. आमच्याकडे डबीत साडेतीन गोळ्या उरल्या होत्या. ती अर्धी मी ब्लेडने कापलेली, नेहमीसारखी वाकडी. परत करायला आठ महिने लागले.

१९. वर्षं झाली तरी काही दिवस उठवत नाही. हे नॉर्मल आहे का?

काही दिवस, हो. पण झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बंद असेल, किंवा आपणही जावं असं मनात येत असेल, तर एकट्याने काढू नका. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. घरातल्या एकाला तरी आजच सांगा.

२०. वाढदिवसाला केक आणायचा का?

आम्ही आणतो. पायनॅपलचा, कारण त्याला चॉकलेट आवडायचं नाही, आणि असा मुलगा मी दुसरा पाहिलेला नाही. कापते बहीण. मेणबत्त्या किती लावायच्या यावर पाच वर्षांत एकमत झालेलं नाही. त्याचे बाबा नऊ म्हणतात. मी यंदा चौदा आणल्या होत्या. तिने दोन्ही पाकिटं फोडली, सगळ्या तेवीस लावल्या आणि केकवर जागा उरली नाही.